दुसऱ्यांचे तलाव

उन्हाळ्यात उज्जैनला आमच्या माधव नगरात एक दिवसाआड नळ येतो. ज्या दिवशी येतो त्या सकाळी बादल्या, पिंपं, पातेली, झालंच तर प्रेशर कुकरसुद्धा भरून ठेवायचा, असा घरातला शिरस्ता आहे. अशा घरात बसून गेली काही वर्षं मी श्रीमंतांचे स्विमिंग पूल साफ करणाऱ्या मशिनी विकते.

विकते म्हणजे माझं दुकान नाही, की गोदाम नाही. मी इंटरनेटवर त्या मशिनींबद्दल लिहिते. कोणती कशासाठी बरी, कोणती घेऊ नये, कुठली भिंतीवर चढते, कुठली नुसती तळाशी फिरते. वाचणाऱ्याने माझ्या पानावरच्या लिंकवर बोट ठेवून मशीन घेतली की कंपनी मला कमिशन देते. मशीन कुठल्याशा कारखान्यातून निघते आणि कुणाच्या तरी बंगल्यावर जाऊन पोचते. मी मध्ये कुठेच दिसत नाही.

सुरुवात झाली ती पुस्तिकांपासून. फ्रीगंजातल्या एका खाजगी शाळेत मी इंग्रजी शिकवायचे. पोरं कमी झाली तशी शाळेने आम्हा तिघी-चौघींना हात जोडले. मग मी घरी बसून वस्तूंबरोबर येणाऱ्या माहितीपुस्तिका हिंदीत आणि मराठीत करून द्यायचं काम धरलं. मिक्सर, गीझर, इस्त्री. झाकण नीट बसल्याशिवाय बटण दाबू नये, ओल्या हाताने प्लग काढू नये. हे असलं लिहून लिहून मी घरातसुद्धा तसंच बोलायला लागले होते. आमचे हे म्हणायचे, "तुझ्याबरोबर राहायचं तर आधी सूचना वाचायला हव्यात."

एक दिवस एक पुस्तिका आली ती कासवासारख्या दिसणाऱ्या यंत्राची. हे कासव पाण्यात सोडायचं. ते आपलं आपण तळाशी फिरतं, भिंतींवर चढतं, शेवाळ घासतं, पानं गिळतं आणि काम झालं की थांबतं. किंमत पाहिली आणि चष्मा पुसून परत पाहिली. आमची जुनी मोटार त्याहून कमी किमतीत गेली असती.

मुलगी पुण्याला नोकरी करते. रात्रीच्या जेवणाआधी रोज तिचा फोन असतो. तिला मी हसत हसत सांगितलं की अशी वस्तू कोण घेतं आणि घेणारा हिंदी पुस्तिका कशाला वाचेल. ती म्हणाली, "घेणारा नाही वाचणार, त्याचा माळी वाचेल. पण घ्यायच्या आधी तो घेणारा काहीतरी वाचतच असेल ना? ते तू लिही."

कमिशनचा सगळा प्रकार तिनेच मला समजावला. मी म्हटलं, मला मिक्सर कळतो, मी मिक्सरवर लिहीन. लिहिलंही. दोन महिने मिक्सरवर लिहून माझ्या खात्यात जे जमा झालं त्यात टॉवर चौकात आम्हा दोघांची कचोरी आणि चहा झाला, तोही एकदाच. तेव्हा मुलीने सरळ सांगितलं की शंभर मिक्सर आणि एक कासव सारखंच. मेहनत तेवढीच लागते, तर महागाच्या वस्तूवर लिही. ते मला पटलं.

अडचण एवढीच होती की मी कुणाचा घरचा पूल जन्मात पाहिला नव्हता. म्हणून एका दुपारी मी सार्वजनिक तरणतालावर गेले. पोहायचं नव्हतं, बघायचं होतं. हातात वही-पेन, डोळ्यावर चष्मा, अंगावर भैरवगढच्या छापाची साडी. काठाकाठाने फिरत मी पायऱ्या किती आहेत, जाळी कुठे आहे, कोपरे गोल आहेत की काटकोनी, हे लिहून घेत होते. तिथला माणूस माझ्या मागेमागे चालायला लागला. थोड्या वेळाने त्याने खुर्ची आणली, मग पाणी. मग हळूच म्हणाला की मॅडम, बल्बची तक्रार आम्ही वर कळवली आहे, आमची चूक नाही. तो मला महापालिकेची समजला होता. मी खरं काय ते सांगितलं तर त्याला विश्वास बसेना. निघताना तो म्हणाला, "ठीक है मैडम, फिर भी बल्ब का लिख देना."

लिहायला लागले तसं एक एक कळत गेलं. माझी समजूत होती की श्रीमंत माणूस किंमत विचारत नाही. तो विचारतो, पण शेवटी. त्याआधी त्याचे प्रश्न वेगळेच असतात. नाशिकच्या एका बाईंनी मला लिहिलं की त्यांचा कुत्रा पुलाजवळ झोपतो, मशिनीचा आवाज झाला तर तो बिथरेल का. रायपूरच्या एका गृहस्थांना हे हवं होतं की पाहुणे असताना मशीन पाण्यात दिसू नये. एक जण म्हणाले, चालवायला सोपी हवी, कारण नोकर सोडून गेला तर मला शिकावं लागेल. मी प्रत्येकाला सविस्तर उत्तर दिलं. कुत्र्याच्या प्रश्नासाठी तर कंपनीला तीन वेळा लिहिलं. त्यांच्याकडून उत्तर आलं की आवाज पाण्याबाहेर फारसा येत नाही, पण कुत्र्यांबद्दल आम्ही काही सांगू शकत नाही. मी बाईंना तसंच कळवलं. त्यांनी मशीन घेतली आणि नंतर कुत्र्याचा फोटो पाठवला. मशीन पाण्यात, कुत्रा काठावर, तोंड लांब करून तिच्याकडे बघतो आहे.

पहिलं मोठं कमिशन जमा झालं तेव्हा आमच्या ह्यांना ते खरं वाटेना. हे रेल्वेत होते, नुकतेच निवृत्त झालेले. पैसे आपणहून खात्यात येतात म्हणजे काहीतरी फसवणूक असणार, असा त्यांचा कायदा. ते बँकेत जाऊन विचारून आले. बँकवाला म्हणाला की अंकल, पैसे गेले की लोक येतात, आले म्हणून येणारे तुम्हीच पहिले.

निवृत्तीनंतर ह्यांचं जरा अवघड चाललं होतं, ते इथे सांगायला हवं. सदतीस वर्षं गाड्यांच्या वेळांवर जगलेला माणूस. आता सकाळी पेपर वाचायचे, दुपारी तोच पेपर परत वाचायचे, संध्याकाळी मला विचारायचे की ह्यातलं काही वाचलंस का. बोलणं कमी झालं होतं. कुणाकडे चला म्हटलं तर म्हणत, तू जाऊन ये. मी काळजी करत होते, पण काय करावं ते सुचत नव्हतं.

त्याच सुमारास देवासकडच्या एका सेठजींनी माझ्या पानावरून सगळ्यात मोठी मशीन घेतली. सोयाबीनचं तेल काढायचा कारखाना, उज्जैनहून देवासकडे जाणाऱ्या रस्त्यावर फार्म हाउस, त्यात पूल. हे सगळं त्यांनी मला पहिल्या फोनवरच सांगितलं होतं. आठवड्याभराने त्यांचा परत फोन आला. आवाज शांत होता, आणि तेच मला जास्त लागलं. ते म्हणाले की मशीन तलावाच्या मधोमध जाते आणि तिथेच घाण्याच्या बैलासारखी गोल गोल फिरत बसते. बाकी तलाव आहे तसाच हिरवा. "मैडम, आपने लिखा था हर तरह के पूल में चलेगी। मैं वापस भेज रहा हूँ।"

मशीन परत गेली की कमिशन रद्द होतं, तो नियमच आहे. पण खरं सांगते, त्या वेळी मला ते आठवलंसुद्धा नाही. माझं वाक्य त्यांनी मला ऐकवलं होतं आणि ते खोटं ठरत होतं. मी म्हटलं की परत पाठवण्याआधी मला एकदा बघू द्या. ते म्हणाले, तुम्ही इंजिनियर आहात का? मी म्हटलं नाही, पण हिची हिंदी पुस्तिका मी लिहिली आहे. मग ते म्हणाले, या.

ह्यांना म्हटलं, चला. नेहमीप्रमाणे तू जाऊन ये म्हणाले. मी सांगितलं की देवास रोडवर मला एकटीला गाडी चालवता येणार नाही. चालवता आली असती. पण ते उठले आणि पायजमा बदलून आले.

फार्म हाउस मोठं होतं. पेरूची झाडं, गुळगुळीत हिरवळ आणि मागच्या बाजूला विड्याच्या पानाच्या आकाराचा पूल. पाणी इतकं गढूळ हिरवं की तळ दिसत नव्हता. सेठजी साठीच्या आसपासचे, पांढरा कुर्ता, हातात मोबाइल. शेजारी सेठाणी. त्यांनी मला पाहिलं आणि मग ह्यांना विचारलं की मशीनवाले तुम्ही का. हे म्हणाले, "मैं तो ड्राइवर हूँ।" सेठाणी हसल्या आणि वातावरण थोडं सैल झालं.

माळ्याने मशीन पाण्यात सोडली. ती छान बुडाली आणि घरघरत चालायला लागली. तिची निळी वायर पाण्यावर सरकत होती. मधोमध गेल्यावर वायरीने गोल घेतला, मग दुसरा, मग तिसरा. सेठजींनी माझ्याकडे पाहिलं. मी पुस्तिकेत लिहिलेलं सगळं करून पाहिलं. वायर उन्हात सरळ पसरून तिचे पीळ काढले, गाळणी धुतली, बटण दाबून ती पुन्हा पहिल्यापासून सुरू केली. मशीन परत मधोमध जाऊन गोल फिरायला लागली.

हे इतका वेळ काठावर उकिडवे बसून पाण्याकडे बघत होते. म्हणाले, "खाली काहीतरी आहे. ती त्याला वळसा घालते आहे."

माळ्याने लांब बांबू घालून पाहिला. बांबू कशाला तरी लागला, पण ते हलेना. खाली उतरून बघायला हवं होतं. माळ्याला पोहता येत नव्हतं. सेठजींनाही नाही. सेठाणी म्हणाल्या की आमच्यापैकी कुणालाच येत नाही, मुलं परदेशात आहेत, त्यांच्यासाठी म्हणून बांधला होता. ती आली की शंभर फोटो काढतात आणि जातात.

मी ह्यांच्याकडे पाहिलं तर हे शर्टाची बटणं काढत होते. मला वाटलं उकडतंय म्हणून. मग त्यांनी घड्याळ काढून माझ्या हातात दिलं, चष्मा दिला, आणि माळ्याकडे एक जुनी हाफ पँट मागितली. मी हळूच म्हटलं, "अहो, काय करताय?" ते म्हणाले, "मशीन बंद कर आधी. सूचना तुझीच आहे."

मी प्लग काढला, माळ्याने मशीन बाहेर ओढली, आणि ह्यांनी काठावरून सूर मारला.

लग्नाला एकतीस वर्षं झाली होती आणि मी ह्यांना कधी पोहताना पाहिलं नव्हतं. लहानपणी क्षिप्रेत पोहायचो, एवढं एकदा कधीतरी बोलले होते. पण उज्जैनच्या प्रत्येक पुरुषाने ते कधी ना कधी म्हटलेलं असतं, म्हणून मी ते तसंच सोडून दिलं होतं. मग नोकरी नागद्याला, रतलामला, कोट्याला. आम्ही घाटावर जायचो ते पर्वणीला, तेव्हाही हे दोन डुबक्या घेऊन बाहेर यायचे आणि गर्दीत माझी पिशवी सांभाळायचे. आणि आता हा साठ वर्षांचा माणूस पाण्यात शिरला तेव्हा पाणी फारसं उडालंसुद्धा नाही.

वरती फक्त हिरवं पाणी राहिलं. सेठाणींनी माझा हात धरला. मी मनात आकडे मोजायला लागले आणि मध्येच विसरले. मग हे वर आले, श्वास घेतला, परत खाली गेले. दुसऱ्यांदा वर आले तेव्हा त्यांच्या हातात पितळेचा लोटा होता, शेवाळाने काळा पडलेला.

सेठाणी एकदम म्हणाल्या, "अरे, यह तो मेरा है।" पूल पहिल्यांदा भरला तेव्हा त्यांनी जलपूजन केलं होतं. लोट्यातलं क्षिप्रेचं पाणी पुलात सोडताना लोटाच हातातून निसटला होता. पाण्यात गेलेलं परत काढायचं नाही असं त्यांना वाटलं आणि त्यांनी कुणाला सांगितलंच नाही. तो घरंगळत जाऊन तळाच्या जाळीत तोंड खुपसून बसला होता. मशीन त्याला धडकायची, वळायची, परत धडकायची.

सेठजी बायकोकडे बघत राहिले. मग ते हसायला लागले, असे की त्यांना खुर्चीवर बसावं लागलं.

मशीन परत सोडायची तर पाण्यात कुणी असून चालत नाही. पण हे बाहेरच येईनात. त्यांनी आधी हात मारत या टोकापासून त्या टोकापर्यंत एक फेरी मारली, मग उताणे पडले आणि दोन्ही पाय सोडून आकाशाकडे बघत राहिले. इतक्या घाण पाण्यात. मी काठावरून म्हटलं की आता बस झालं, तर मला म्हणाले, "पाच मिनिटं." शाळेला जायच्या आधी पोरं म्हणतात ना, तसं. मी घड्याळ हातात घेऊन उभी होते, पण त्यांची पाच मिनिटं मी मोजली नाहीत.

सेठजी हळूहळू काठावर आले, बसले, आणि कुर्ता सावरत त्यांनी पाय पाण्यात सोडले. थोड्या वेळाने ह्यांना म्हणाले, "भाईसाहब, इतने साल से पानी भरके रखा है। आज पहली बार कोई ढंग से उतरा।" मग माळी ऐकत नाही ना हे बघून त्यांनी विचारलं, "इस उम्र में कोई सीख सकता है क्या?"

हे म्हणाले, "पानी उम्र नहीं पूछता। डर पूछता है।"

मी हे वाक्य ऐकलं आणि चाट पडले. महिनोन्महिने घरात हा माणूस 'वाढ' आणि 'बस' याशिवाय बोलत नव्हता.

दुपारी आम्हाला जेवल्याशिवाय सोडलं नाही. वरणात कुस्करायचे कणकेचे बाफले, आणि वर तुपाची धार इतकी की परतताना गाडी मलाच चालवावी लागली, हे शेजारच्या सीटवर गाढ झोपले होते. त्यांच्या केसांना शेवाळाचा वास येत होता. मागे फार्म हाउसवर मशीन एकदाची सरळ रेषेत तळ घासत होती, आणि दोन दिवसांनी सेठजींनी मला फोटो पाठवला. पाणी निळं दिसत होतं आणि तळाच्या टाइल्सवर कमळं होती. कमळं आहेत हे ते स्वतःच विसरून गेले होते, असं त्यांनी खाली लिहिलं होतं. मशीन परत गेली नाही.

माझ्या पानावरचं ते वाक्य मात्र मी बदललं. 'हर तरह के पूल में चलेगी' च्या पुढे आता एक ओळ आहे: उतारने से पहले तल देख लें, कहीं कुछ गिरा तो नहीं। मुलीला ती ओळ वाचून दाखवली तर तिने विचारलं, अशी पूजा करून लोटा पाडणारे देशात किती लोक असतील? मी म्हटलं, तू उज्जैनच्या बाहेर फार वर्षं राहिलीस.

पुढच्या रविवारी सेठजींचा फोन ह्यांना आला, मला नाही. त्यानंतर दर रविवारी सकाळी हे तिकडे जायला लागले. पहिले काही रविवार सेठजी कमरेएवढ्या पाण्यात नुसते उभे राहायचे आणि हे त्यांच्याशी सोयाबीनच्या भावाबद्दल बोलायचे. मुद्दामच. बोलता बोलता माणूस घाबरायचं विसरतो, असं हे मला घरी समजावून सांगायचे. आठवडाभर त्यांच्याकडे सांगायला काहीतरी असायचं. सेठजींचा डावा पाय उगीचच ताठ राहतो. सेठजी पाण्यात तोंड घातलं की आधी डोळे मिटतात, मग श्वास धरायचा विसरतात. पेपर आता एकदाच वाचला जायचा.

मी सोबत जायचे ती सेठाणींसाठी. आम्ही दोघी पेरूच्या झाडाखाली बसून चहा प्यायचो. त्यांना माझ्या धंद्याची भारी मौज वाटायची. त्या म्हणाल्या, म्हणजे आम्ही काय घ्यावं ते तुम्ही ठरवता आणि तुम्ही स्वतः ते कधीच घेत नाही? मी म्हटलं, हो, तसंच. त्यांनी विचार केला आणि म्हणाल्या, मग तुमचं ऐकायला हरकत नाही. तुम्हाला वस्तूचा मोह नाही. माझ्याबद्दल इतकं चांगलं मत मला बदलावंसं वाटलं नाही. खरं तर बऱ्याच वस्तूंचा मोह मला होतो, फक्त त्या मावायला घर हवं.

त्यांच्या ओळखीच्या बायका हळूहळू मला फोन करायला लागल्या. कुणाला बागेतला झोपाळा, कुणाला कॉफीचं मोठं मशीन, एकीला सासूसाठी पाय दाबणारी खुर्ची. पुलाची मशीन तर आपल्याकडे वर्षभर कुणी घेत नाही, त्यामुळे मी लिहायच्या गोष्टी वाढवल्या. पण आता लिहिण्याआधी शक्य तिथे जाऊन वस्तू पाहते. पाय दाबणाऱ्या खुर्चीसाठी इंदूरच्या एका शोरूममध्ये हे तासभर बसून राहिले होते. शेवटी दुकानदाराने विचारलं, घ्यायची आहे का. हे म्हणाले, तपासणी चालू आहे.

फाल्गुनात उन्हं तापायला लागली तेव्हा सेठाणींनी एक दिवस पोहायचे दोन पोशाख मागवले, एक त्यांच्यासाठी आणि एक मला न विचारता माझ्यासाठी. माझ्याच पानावरच्या लिंकवरून मागवले होते, हे त्यांनी अभिमानाने सांगितलं. मी नको म्हणून पाहिलं. त्या म्हणाल्या, दीदी, तुम्ही वर्षानुवर्षं लोकांना सांगता पाण्याची काळजी कशी घ्यावी. एकदा पाण्यात तरी उतरा.

हे आणि सेठजी त्या दिवशी आम्हाला पूल मोकळा सोडून पेरूच्या झाडाखाली गेले आणि पाठ करून बसले. आम्ही दोघी पायरीपायरीने उतरलो. पाणी गळ्यापर्यंत आलं तेव्हा मी काठाची स्टीलची दांडी अशी धरली की हे पाठमोरे असूनही ओरडले, "दांडी तोडू नकोस." त्यांना कसं कळलं कोण जाणे.

सेठाणींनी आधी दांडी सोडली. डोकं मागे टाकलं, आणि त्यांचं ते भारदस्त शरीर अलगद वर आलं. अंबाडा सुटून केस पाण्यावर पसरले. त्या म्हणाल्या, "सुनो, इधर देखो," आणि सेठजी वळून उभे राहिले. मग मी सोडली. नाकात पाणी गेलं, कानात गेलं, मी एकदा हातपाय मारून खाली गेले आणि परत दांडीला चिकटले. दुसऱ्या वेळी पाठीखाली पाणी घट्ट झाल्यासारखं वाटलं, जसं कुणी तळहात धरला आहे. वर पेरूची एक फांदी होती. तिच्यावर पोपट होता. मी त्याच्याकडे बघत राहिले आणि बुडाले नाही.

परतताना केस ओलेच होते. आम्ही टॉवर चौकात गाडी थांबवली आणि उभ्या उभ्या कचोरी खाल्ली. हे मला सांगत होते की तुझी मान ताठ राहते, पुढच्या रविवारी ती सैल सोडायची. मी म्हटलं, बरं.